अक्का, तुमचा पीएफ घ्या

पीएफ ट्रस्टचा ट्रस्टी म्हणून माझी निवड झाली त्या संध्याकाळी मी घरी जाताना पाव किलो म्हैसूरपाक घेऊन गेलो. संयुक्तानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पुड्याची दोरी सोडता सोडता विचारलं, “पगार वाढला?”

“नाही.”

“मग?”

“जबाबदारी वाढली.”

तिनं दोरी पुन्हा बांधली आणि म्हणाली, “दुकानदार परत घेतो का बघा.”

आता जबाबदारी काय ते सांगतो. आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते. कारखाना चेन्नई शहराबाहेर, मुख्य ऑफिस नुंगंबाक्कमला, आणि त्या ऑफिसात मी अकाउंट्स खात्यात. बहुतेक कंपन्या आपल्या लोकांचा पीएफ सरकारकडे भरतात. आमच्या थोरल्या मालकांनी मात्र फार पूर्वी सरकारची रीतसर परवानगी काढून स्वतःचा ट्रस्ट केला होता. पगारातून कापलेला पैसा आणि कंपनीचा वाटा, दोन्ही या ट्रस्टकडे जायचे. निम्मे ट्रस्टी मालकांच्या बाजूचे, निम्मे आमच्या. आमच्या बाजूची एक खुर्ची रिकामी झाली, तिच्यासाठी निवडणूक झाली, दुसरा उमेदवार नाव मागे घेऊन कॉफीला गेला आणि मी बिनविरोध निवडून आलो. ट्रस्टी म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकावा असा माणूस. पन्नाशी उलटली तरी मला असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे मी ते जरा मनावर घेतलं, हे कबूल.

पहिल्याच बैठकीत कळलं की ट्रस्ट बंद होणार आहे.

“नियम फार कडक झालेत,” अध्यक्ष रामस्वामी सार म्हणाले. सरांना इकडे सार म्हणतात. हे एके काळचे आमचे जनरल मॅनेजर. सत्तरी केव्हाच ओलांडली, पण संचालक म्हणून अजून येतात आणि आले की लिफ्टमधले लोक बोलायचे थांबतात. “सगळी शिल्लक सरकारी पीएफकडे सोपवायची आणि मोकळं व्हायचं.”

सोपवण्याआधी प्रत्येक सभासदाचा हिशेब आणि ओळख पक्की व्हायला हवी होती. एचआरच्या यामिनीनं संगणकावर यादी दाखवली. हुशार मुलगी, बोलते भराभर. सगळे सभासद हिरवे झाले होते. एक ओळ तेवढी लाल होती. एम. वसंता, टेलिफोन ऑपरेटर. वीसेक वर्षांपूर्वी नोकरी सोडलेली, पैसे कधी काढलेच नाहीत, आणि पाठवलेली पत्रं परत आलेली.

“सापडल्या नाहीत तर तशी नोंद करू,” यामिनी म्हणाली. “पैसे तसेच पडून राहतील. मग काही वर्षांनी कायद्याप्रमाणे ज्येष्ठ नागरिकांच्या कल्याण निधीत जातील.”

“तसंच करा,” रामस्वामी सार म्हणाले. जरा घाईनंच म्हणाले, असं मला नंतर वाटलं.

मी घसा साफ केला. “पण सार, त्या बाई आता स्वतःच ज्येष्ठ नागरिक असतील. त्यांचं कल्याण आपण परस्परच केलं तर?”

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. नव्या ट्रस्टीनं पहिल्या बैठकीत बोलायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. “मी शोधून काढतो त्यांना,” मी म्हणालो, आणि फसलो.

आवडी या उपनगरात आमच्या शेजारी बालाजीराव राहतात. संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून सल्ला देणं हेच त्यांचं काम आहे आणि ते त्यात रविवारचीही सुट्टी घेत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“शहाजी, जाऊ नका,” ते म्हणाले. “पैसे मागायला जा, लोक फार तर नाही म्हणतील. पैसे द्यायला गेलात तर पोलिसांत देतील. दिवस कसले आलेत!”

“पण मी खरा माणूस आहे.”

“तोंडावरून वाटत नाही. जायचंच असेल तर एक करा, हातात फाईल ठेवा. फाईल असली की माणूस खरा वाटतो.”

मी जाडजूड फाईल केली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलं आणि शनिवारी टी. नगरला गेलो.

दप्तरातल्या पत्त्यावर साड्यांचं दुकान उभं होतं, तेही चार मजली. मी दारातल्या माणसाला म्हणालो, “इथं पूर्वी एक घर होतं, त्यातल्या बाई...” त्यानं ‘बाई’ एवढंच ऐकलं आणि मला दुसऱ्या मजल्यावर धाडलं. तिथं एका विक्रेत्यानं मला गादीवर बसवलं, लिंबूपाणी दिलं आणि साड्या उलगडायला सुरुवात केली. मी पत्ता विचारत होतो, तो काठ दाखवत होता. “पत्ता सांगतो सार, आधी पदर बघा.” त्यानं इतक्या साड्या उलगडल्या की त्या ढिगाऱ्याशेजारून नुसतं उठून जाणं मला अशक्य झालं. शेवटी एक मोरपिशी साडी बांधून घेतल्यावर त्यानं सांगितलं की घर पाडलं तेव्हा त्या घरातल्या बाईंना मागच्याच गल्लीत फ्लॅट मिळाला. पहिला मजला.

साडीची पिशवी आणि फाईल घेऊन मी मागच्या गल्लीत गेलो. गेटवरच्या वॉचमननं इंटरकॉम लावून दिला. पलीकडून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. करारी आणि स्वच्छ. “यारु?” म्हणजे कोण?

ट्रस्टच्या नोंदीत वसंताबाईंची मातृभाषा मराठी लिहिलेली होती आणि ते वाचून मला आनंद झाला होता. इथं एक खुलासा करायला हवा. मी तंजावरकडचा. आमची मराठी निराळी, जुनी, तमिळच्या चालीवर डोलणारी. संयुक्ता साताऱ्याची. लग्न झाल्यापासून तिनं माझी भाषा धुऊन, नीळ घालून, इस्त्री करून ठेवली आहे. मी हीच इस्त्रीची मराठी बाहेर काढली. “नमस्कार. मी आपल्या भविष्यनिर्वाह निधीच्या संदर्भात आलो आहे. आपल्या नावे काही रक्कम शिल्लक असून आपली कागदपत्रं तपासायची आहेत.”

मग इंटरकॉम फुटतो की काय अशी तमिळमधली आरोळी. “मुंबई पोलीस! पुन्हा आला मेला! सेक्रेटरीला बोलवा!”

मला पुढं कळलं ते असं की काही महिन्यांपूर्वी या बाईंना एका भामट्याचा व्हिडिओ कॉल आला होता. अंगात गणवेश, तोंडात अशीच शुद्ध मराठी. आपण मुंबईचे पोलीस आहोत, तुम्हाला घरातच अटक झाली आहे, कागदपत्रं दाखवा, असं तो म्हणाला होता. बाई फसल्या नव्हत्या, पण आठवडाभर त्यांना झोप लागली नव्हती. आणि आता तीच मराठी, तीच कागदपत्रं, थेट गेटवर येऊन उभी.

सोसायटीचे सेक्रेटरी लुंगी सावरत धावत आले. मी फाईल पुढं केली. त्यांनी मोबाइल पुढं केला आणि माझा फोटो काढला. फोटो काढताना हसायची माझी सवय आहे. मी हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालाजीराव दारात उभे. त्यांच्या मोबाइलवर माझा हसरा चेहरा होता आणि वर तमिळमध्ये लिहिलं होतं, ‘सावधान! पेन्शन भामटा! साडीची पिशवी घेऊन फिरतो.’ टी. नगरहून निघालेला तो फोटो कुठल्या कुठल्या ग्रुपांमधून रात्रीत आवडीला पोचला होता. लोकल गाडीपेक्षा लवकर.

“फाईल दिसत नाही फोटोत,” बालाजीराव हळहळले. “वर धरायला हवी होती.”

संयुक्तानं फोटो पाहिला, साडी पाहिली. “पैसे द्यायला गेला होतात ना? मग हे पैसे घालवून कसे आलात?” असं म्हणाली खरी, पण साडी तिनं कपाटात ठेवली. परत करायचं नाव काढलं नाही.

ऑफिसातही फोटो पोचला होताच. यामिनीनं मला बाजूला घेतलं. “सार, सोडून द्या ना. एकच तर लाल ओळ आहे.”

आता गंमत बघा. तोवर मला हे सोडून द्यायला काहीच हरकत नव्हती. पण ज्या माणसाचा चेहरा ‘सावधान’ म्हणून अर्ध्या चेन्नईनं पाहिला आहे, त्याला आता मागं फिरता येत नाही. मागं फिरलो असतो तर फोटो खरा ठरला असता. मी रजिस्टर्ड पत्र पाठवलं, ते न फोडता परत आलं. साडीवाल्याकडून नंबर मिळवून फोन केला, बाईंनी माझा नंबर बंद केला. संयुक्ताच्या फोनवरून केला, तोही बंद केला.

“चला, मी येते,” एका रविवारी संयुक्ता म्हणाली. आपला नंबर बंद केल्याचा तिला राग आला होता. “बरोबर बाईमाणूस दिसलं की उघडेल दार.” ती मोरपिशी साडी नेसली आणि आम्ही गेलो.

सेक्रेटरींनी आम्हाला लांबूनच ओळखलं. ते वॉचमनला म्हणाले, “आता टोळीत बाईपण घेतली यांनी.”

संयुक्तानं त्यांना साताऱ्याच्या भाषेत काय ते सांगितलं. त्यांना शब्द कळला नसावा, पण ते दोन पावलं मागं सरकले. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी इंटरकॉमवर तमिळमधून विनवलं, ओळखपत्राचा नंबर वाचून दाखवला, कंपनीचं नाव सांगितलं. बाई एकच वाक्य परत परत म्हणत होत्या. “मी पोलिसांना बोलावते.”

शेवटी माझा संयम सुटला. आणि संयम सुटला की बायकोनं केलेली इस्त्रीही मोडते. लहानपणीची, आईची, अंगणातली भाषा तोंडातून बाहेर पडली. “अय्यो अक्का! म्या चोर की काय? तंजावूरचं लेकरू मी. उन्हांत उभं करून ठेवलांत, पाणी पाहिजे का म्हणून तरी विचारलांत का? अस्कं, सगळं, तुमचंच आहे, तुमच्याच हातांत देऊन जातो म्हणतो, तर पोलीस पोलीस काय लावलांत!”

मग आवाज आला, आणि तो तमिळ नव्हता. “कोणाचा लेक रे तू?”

“तुळजाजींचा. पश्चिम राजवीथीतला.”

“शाळामास्तर तुळजाजी?”

“तेच.”

“मग हें अगोदर का बोललास नाही? मुंबईवाल्यासारखं काय बोलत होतास?” खटकन् गेट उघडायचा हुकूम झाला. आमची भाषा बोलणारे उरलेतच इतके थोडे, की ती शिकून कोणाला लुबाडणं कुठल्याच भामट्याला परवडणार नाही, एवढं बाईंना पक्कं ठाऊक होतं. संयुक्ता मात्र जिना चढताना गप्प होती. इतक्या वर्षांची तिची मेहनत गेटवरच वाया गेली होती.

वसंताअक्का सत्तरीच्या, सडसडीत, एकट्या राहणाऱ्या. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, कानात लहान कुड्या. त्यांनी आम्हाला पंख्याखाली बसवलं, पितळी वाटी-पेल्यांतून कॉफी दिली आणि मी कंपनीचं नाव घेताच पेला खाली ठेवला.

“त्या कंपनीचा पैसा मला नको.”

“अक्का, तो कंपनीचा नाही.”

“मग कोणाचा?”

इतके दिवस मी ज्याची वाट पाहत होतो ते भाषण करायची संधी आली होती. “अक्का, पीएफचा पैसा कंपनीच्या तिजोरीत नसतो. तुमच्या पगारातून कापला तेव्हाच तो तुमचा होता, आणि कंपनीनं आपला वाटा घातला त्या क्षणी तोही तुमचा झाला. मालकाला त्याला हात लावता येत नाही. कंपनी बुडाली तरी तो बुडवता येत नाही. म्हणून तर ट्रस्टी नेमायचे, म्हणून तर सरकारनं वर नजर ठेवायची. तुम्ही रागावलात कंपनीवर. पैसा तुमचाच आहे, तो तुमच्यावर रागावलेला नाही.”

अक्कांनी पेला पुन्हा उचलला. “मग इतकी वर्षं कोणी सांगायला आलं नाही?”

मी म्हणालो, “आता आलोय. फोटो बघितलात ना माझा?”

त्या पहिल्यांदा हसल्या. “बरं. काय करायचं आहे?”

करायचं फार नव्हतं. बँकेत जाऊन खात्याचा तपशील शिक्का मारून घ्यायचा आणि एका अर्जावर सही करायची. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि अक्कांना घेऊन त्यांच्या बँकेत गेलो.

त्या बँकेतल्या तरुण अधिकारी बाई कामात फार चोख होत्या, हे मी आजही मान्य करतो. म्हाताऱ्या माणसांना धमकावून पैसे उकळणारे लोक कसे ओळखायचे, याचं प्रशिक्षण त्यांना नुकतंच मिळालं असावं. समोर एक एकटी वृद्ध बाई, शेजारी अनोळखी पुरुष. तो पुन्हा पुन्हा म्हणतोय, “अक्का, इथं सही करा, लवकर करा.” हातात जाडजूड फाईल. अधिकारी बाईंनी आम्हाला गोड हसून बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि आत जाऊन पोलिसांना फोन केला.

स्टेशनात अक्कांना आणि बरोबर आलेल्या अधिकारी बाईंना खुर्ची मिळाली, मला बाक. बाकावर आधीच एक इसम बसला होता, हाताला बँडेज. त्यानं माझ्याकडे, माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे, गळ्यातल्या ओळखपत्राकडे नीट पाहिलं.

“मी साखळी,” त्यानं हळूच सांगितलं. “तुम्ही?”

“पीएफ,” मी म्हणालो.

“पीएफ?” त्यानं विचार केला. “नवीन निघालंय वाटतं.” आणि बाकावर मला आदरानं जागा करून दिली.

सबइन्स्पेक्टर साहेबांनी फाईल मागितली. “सगळ्या भामट्यांकडे फाईल असते,” ते म्हणाले, आणि मला बालाजीरावांची फार तीव्र आठवण झाली. मग खरंखोटं ठरवायला ते एकेक कागद मोठ्यानं वाचू लागले. नाव, हुद्दा, नोकरीत लागल्याची तारीख. प्रत्येक ओळीला अक्का मान डोलवत होत्या. “नोकरी सोडण्याचं कारण,” साहेबांनी वाचलं, “न कळवता कामावर यायचं बंद केलं.”

अक्का उठून उभ्या राहिल्या. “काय वाचलंत?”

साहेबांनी पुन्हा वाचलं.

“न कळवता?” तो आवाज आतल्या कोठडीपर्यंत गेला असेल. “मी न कळवता गेले? अख्ख्या ऑफिसला कळवून गेले मी!”

आणि मग पोलीस स्टेशनात, पंख्याच्या घरघरीत, त्यांनी जे सांगितलं ते मी, सबइन्स्पेक्टर, बँकेच्या अधिकारी बाई आणि साखळीवाला, सगळ्यांनी ऐकलं. त्या तरुणपणापासून आमच्या कंपनीचा टेलिफोन बोर्ड सांभाळत होत्या. मग आपोआप जोडणारं नवं यंत्र आलं. त्या दिवशी रामस्वामींनी आपल्या केबिनमधून त्यांना फोन केला. समोर बोलावलंसुद्धा नाही. उद्यापासून गोदामात बोल्ट मोजायला जा, म्हणाले. अक्का म्हणाल्या, मी राजीनामा देते. रामस्वामी म्हणाले, द्या की, कोणाला कळणार आहे? तेव्हा अक्कांनी बोर्डावरच्या सगळ्या लाइनी एकत्र जोडल्या. केबिन, अकाउंट्स, खरेदी, गोदाम, गेट, सगळीकडे एकदम घंटा वाजली, सगळ्यांनी फोन उचलले, आणि अक्का स्वच्छ आवाजात म्हणाल्या की मी वसंता बोलते आहे, मी या क्षणी राजीनामा देत आहे. मग हेडफोन काढून ठेवला आणि घरी आल्या.

“लेखी का नाही दिलात?” सबइन्स्पेक्टरनं विचारलं.

“टेलिफोन ऑपरेटर लेखी कशाला देईल?” अक्का म्हणाल्या.

साहेबांनी कागद खरे मानून फाईल मिटली. त्यांनी मला सोडून दिलं आणि अधिकारी बाईंनी बँकेचा शिक्का लगेच द्यायचं कबूल केलं. अक्का मात्र हलेनात. माझ्याविरुद्ध तक्रार नाही, पण रामस्वामीविरुद्ध आहे, ती घ्या म्हणाल्या. हा पोलिसांचा विषय नाही हे त्यांना पटवायला साहेबांना माझी मदत लागली. निघताना अक्कांनी मला बजावलं, “शहाजी, तें कारण बदललं तर सही. नाही तर तो पैसा त्या कल्याणवाल्यांना देऊन टाक.”

ट्रस्टच्या शेवटच्या बैठकीत मी विषय मांडला. अक्कांना बाहेर सोफ्यावर बसवून ठेवलं होतं. ट्रस्ट सरकारकडे सोपवण्याची मुदत जवळ आली होती आणि यादीत ती एकच ओळ लाल होती.

“कारण बदलता येईल,” यामिनी म्हणाली, “पण संगणकात ठरावीकच पर्याय आहेत. राजीनामा निवडायचा तर पत्र हवं. टेलिफोनवरून राजीनामा असा पर्याय नाही.”

“साक्षीदार असला तर?” मी विचारलं.

“कोण साक्षीदार? त्या वेळचे सगळे निवृत्त झाले.”

मी रामस्वामी सारांकडे पाहिलं. माझ्या नोकरीला अजून काही वर्षं बाकी आहेत. घराचे हप्ते आहेत. ही सगळी गणितं मला त्या क्षणी फार स्पष्ट दिसली. तरी मी म्हणालो, “सगळे नाही, सार. एक आहेत.”

सारांचा चेहरा कठीण झाला. “मला आठवत नाही.”

“मला आठवतं.” दारातून आवाज आला. अक्का सोफ्यावर थांबल्या नव्हत्या. त्या आत आल्या आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहिल्या. कोणी बसा म्हणायची वाट त्यांनी पाहिली नाही आणि कोणाला ते सुचलंही नाही.

मग रामस्वामी सारांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला. “मी फोन मध्येच आपटला होता,” ते हळू आवाजात म्हणाले. “राजीनाम्यापर्यंत ऐकलं. पुढं काहीतरी बोललीस तू. मी केबिनमधून बाहेर आलो तर सगळं ऑफिस हसत होतं. मला कोणी सांगितलं नाही. इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नाही.”

“सांगू?” अक्का म्हणाल्या.

“सांग.”

“मी म्हणाले, सार जेवणानंतर झोपतात तेव्हा त्यांचा रिसीव्हर नीट ठेवलेला नसतो. त्यांचं घोरणं रोज बोर्डावर येतं. उद्यापासून तें झाकायला मी नसेन, तेवढं नव्या यंत्राला शिकवा.”

मी टेबलाकडे बघत राहिलो. यामिनी संगणकात तोंड घालून बसली, तिचे खांदे हलत होते. सारांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मला वाटलं आता माझी बदली गोदामात. पण ते हात बाजूला झाले तेव्हा म्हातारा हसत होता. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“रोज झाकायचीस?” त्यांनी विचारलं.

“कनेक्शन काढून ठेवायचे. मालकांचा फोन आला तर सार मीटिंगमध्ये आहेत म्हणायचे.”

सारांनी डोळे पुसले. मग यामिनीकडे वळले. “लिहून घे. या बाईंनी राजीनामा दिला होता. तो मी स्वतः ऐकला. घ्यायला हवा होता, मी घेतला नाही. चूक माझी. ट्रस्टच्या ठरावात तसंच लिही, खाली मी सही करतो.” मग उठून त्यांनी स्वतः एक खुर्ची ओढली. “बस, वसंता.”

अक्का बसल्या. पर्स उघडून आपलं पेन काढलं, अर्ज सावकाश वाचला, कारणाच्या ओळीपाशी थांबल्या, ती दोनदा वाचली आणि सही केली. यामिनीनं बटण दाबलं, ओळ हिरवी झाली.

पैसे पुढच्या आठवड्यात त्यांच्या खात्यात जमा झाले. ट्रस्ट रीतसर सरकारकडे सोपवला गेला आणि माझं ट्रस्टीपण संपलं. त्या टी. नगरच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी माझा फोटो पुन्हा टाकला, ‘हे गृहस्थ सज्जन आहेत’ असं खाली लिहून. पण तो फोटो पुढं कोणीच पाठवला नाही, त्यामुळे आवडीच्या बाजूला मी अजून भामटाच आहे. बालाजीरावांच्या मते आता त्याला इलाज नाही.

माझ्या लेखी मात्र सगळं बैठकीच्या दिवशीच संध्याकाळी मिटलं. बैठक संपल्यावर मी अक्कांना खाली रस्त्यावर सोडायला गेलो. ऑटो थांबवला. ड्रायव्हरनं टी. नगरचं भाडं सांगितलं आणि अक्कांनी पदर खोचला. “काय रे, मला बाहेरगावची समजलास?” असं सुरू झालं. ड्रायव्हर गर्दीचं कारण सांगू लागला, अक्का रस्ते मोजून दाखवू लागल्या, मागून बसचा हॉर्न वाजत होता.

आयुष्यभराच्या पीएफच्या अर्जावर नुकतीच सही करून आलेली बाई, आणि भांडण थोडक्या रुपयांचं. माझा हात खिशाकडे गेला होता. मी तो परत काढून घेतला. स्वतःच्या पैशांकडे बघायला अक्का समर्थ होत्या, आणि मी आता कोणाचाच ट्रस्टी नव्हतो.

ड्रायव्हर हरला. अक्का ऐटीत आत बसल्या, मागं वळूनही न बघता गेल्या. मी घरी जाताना पुन्हा पाव किलो म्हैसूरपाक घेतला. या वेळी संयुक्तानं काही न विचारता दोरी सोडली.